‘विरल मृत्तिका’ : एका संज्ञेचा आणि एका व्यवसायाचा विचार

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात मूलद्रव्यांच्या व त्यांपासून होणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे निर्बंध घातले, आणि भारतातील वाहन-उद्योगास त्याची झळ लागली. तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांत ‘दुर्मिळ खनिजे’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळू लागला आहे. शास्त्रीय परिभाषेत ह्याच पदार्थांना ‘विरल मृत्तिका’ म्हणतात. वरवर पाहता ह्या दोन संज्ञा समानार्थी भासतात. वस्तुतः त्या दोन भिन्न अडचणी सूचित करतात. पहिली संज्ञा म्हणते की ही वस्तू मिळत नाही; दुसरी म्हणते की ती सर्वत्र आहे, पण पातळ पसरलेली आहे. अडचणीचे नाव चुकले की उपायही चुकतो. म्हणून ह्या व्यवसायाचा विचार त्याच्या नावापासून सुरू करणे इष्ट ठरेल.

(१)

विरल मृत्तिकांत एकंदर १७ मूलद्रव्ये मोडतात : लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५, आणि त्यांच्या जोडीस स्कँडियम व इट्रियम. ह्यांपैकी सीरियम हे भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आहे. थुलियमसारखे अल्पप्रमाणातील मूलद्रव्यही सोन्याचांदीहून अधिक आढळते. तेव्हा ‘दुर्मिळ’ हे विशेषण येथे लागू पडत नाही.

‘विरल’ ह्या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेतकरी ‘बाजरी विरळ उगवली’ असे म्हणतो, तेव्हा बियाणे मिळाले नाही असे त्यास सुचवावयाचे नसते. रोपे लांब लांब पडली, एवढेच त्याचे म्हणणे असते. ‘विरळ’चा विरोधी शब्द ‘दाट’ होय, ‘विपुल’ नव्हे. ह्या जिल्ह्याची भूमी दख्खनच्या काळ्या कातळाची, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याची आहे. त्या कातळापासून झालेल्या काळ्या मातीतही सीरियम आहेच, पण किलोमागे मिलिग्रॅमांच्या मापाने. खाणकाम परवडेल असे विरल मृत्तिकांचे साठे तेथे आढळलेले नाहीत. असणे आणि काढता येणे ह्यांतील अंतर ‘विरल’ हा शब्द नेमके दाखवितो.

‘मृत्तिका’ हा भाग मात्र इतिहासाने आपल्या पदरी टाकलेला आहे. अठराव्या शतकातील युरोपीय रसायनशास्त्रज्ञ पाण्यात न विरघळणाऱ्या व अग्नीत न बदलणाऱ्या पदार्थांस सरसकट ‘माती’ म्हणत. १७९४ मध्ये योहान गॅडोलिन ह्याने स्वीडनमधील इटर्बी गावच्या काळ्या दगडातून अशी एक नवी ‘माती’ वेगळी केली. ती वास्तविक धातूचे ऑक्साइड होती. तथापि नाव चिकटले, आणि भाषांतरातून मराठीतही आले.

(२)

ह्या मूलद्रव्यांची स्वतंत्र नावे पाहिली असता व्यवसायाचे मर्म अधिकच उघड होते. ‘लँथॅनम’ हे नाव ‘लपून राहणे’ ह्या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आले. १८३९ मध्ये मोसांडर ह्याने ते सीरियमच्या आडून बाहेर काढले. त्याच्याबरोबर राहणारे म्हणून दुसऱ्या एका पदार्थास त्याने ‘डिडिमियम’, म्हणजे ‘जुळे’, असे नाव दिले. पुढे १८८५ मध्ये आउअर फॉन वेल्सबाख ह्याने दाखविले की हे जुळे स्वतःच दोन आहेत : ‘प्रासिओडिमियम’ म्हणजे हिरवे जुळे, आणि ‘निओडिमियम’ म्हणजे नवे जुळे. १८८६ मध्ये सापडलेल्या ‘डिस्प्रोसियम’चा अर्थ तर सरळ ‘दुष्प्राप्य’ असाच आहे. इटर्बी ह्या एकाच गावाच्या नावाची अक्षरे फिरवून इट्रियम, टर्बियम, एर्बियम व इटर्बियम अशी चार नावे करावी लागली, कारण एकातून दुसरे निघतच राहिले.

ही नावे खाणीच्या शोधाची नसून पृथक्करणाच्या कष्टांची आहेत. ह्या मूलद्रव्यांच्या अणूंची बाह्य रचना जवळजवळ सारखी असल्यामुळे त्यांचे रासायनिक वर्तनही सारखे असते. आज त्यांचे विभाजन द्रावक-निष्कर्षणाने होते. विरल मृत्तिकांचे आम्लयुक्त द्रावण आणि रॉकेलसारख्या तेलात मिसळलेले विशिष्ट रसायन एकत्र घुसळून पुन्हा निवळू देतात. दर घुसळणीत एक मूलद्रव्य दुसऱ्याहून किंचित अधिक तेलात जाते. तो किंचित फरक पदरात पाडून घेण्यासाठी ही क्रिया एकामागून एक अशा शेकडो टाक्यांत करावी लागते. व्यवसायाचे खरे भांडवल ह्या टाक्यांच्या रांगेत, आणि ती चालविणाऱ्यांच्या अनुभवात असते.

(३)

हा व्यवसाय महाराष्ट्राच्या खेड्यांत फार पूर्वी पोचला होता, हे सहसा ध्यानात येत नाही. वरातीपुढे व तमाशाच्या फडावर जी गॅसबत्ती जळत असे, तिच्यातील जाळीदार मँटल हा वेल्सबाखचाच शोध होय. त्यात सुमारे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व १ टक्का सीरियम ऑक्साइड असे. ह्या मँटलसाठी मोनाझाइट नावाचे खनिज लागे. १९०९ मध्ये शोंबर्ग ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञास त्रावणकोरहून आलेल्या काथ्यास चिकटलेल्या वाळूत ते आढळले. तेव्हापासून दक्षिण किनाऱ्यावरील मनवलकुरिची व चवरा येथील वाळू परदेशी जाऊ लागली. वाळू आपली, आणि तीतून निघणारी किंमत परक्याची, अशी ही व्यवस्था होती.

(४)

ही व्यवस्था मोडण्याचा विचार स्वातंत्र्यानंतर लवकरच झाला. १९५० ह्या एकाच वर्षी दोन उद्योग आकारास आले. त्यांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु तुलना उद्बोधक आहे.

पहिला उद्योग अहमदनगर जिल्ह्यातील लोणी, म्हणजे आजचे प्रवरानगर, येथील सहकारी साखर कारखाना होय. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर घटते. म्हणून शेत आणि कारखाना एकमेकांस बांधलेले असतात. ऊस पिकविणाराच कारखान्याचा मालक झाला, तर गाळपाचा लाभ त्याच्या हाती राहतो, हे त्यामागील सूत्र होते. अशा कारखान्यात काहीच एकटे निघत नाही. चिपाडे बॉयलरखाली जातात, मळीपासून मद्यार्क होतो, गाळाचे खत होते. साखरेचा भाव पडला असता हे उपपदार्थच कारखान्यास तारतात.

दुसरा उद्योग म्हणजे ऑगस्ट १९५० मध्ये स्थापन झालेली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी. भारत सरकार व त्रावणकोर-कोचीन राज्य यांनी मिळून ती काढली. तिचे मुख्य कार्यालय मुंबईस आहे. केरळातील आलुवा येथील तिच्या कारखान्याचे उद्घाटन २४ डिसेंबर १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. १९५५ मध्ये तुर्भे येथे थोरियमचा कारखाना सुरू झाला. १९६३ मध्ये कंपनी पूर्णतः केंद्र सरकारची झाली. मनवलकुरिची व चवरा येथील वाळूचे कामही तिच्याकडे आले, आणि पुढे ओडिशात छत्रपूर येथे मोठा प्रकल्प उभा राहिला.

ह्या व्यवसायाच्या पायऱ्या अशा आहेत. किनाऱ्याच्या वाळूत इल्मेनाइट, रुटाइल, झिरकॉन, सिलिमनाइट, गार्नेट आणि थोडेसे मोनाझाइट असते. त्यांचे वजन, चुंबकीय गुण व विद्युद्वाहकता ह्यांतील फरकांवरून ती खनिजे निवडली जातात. मोनाझाइट दळून दाहक सोड्यात उकळले की त्यातील फॉस्फेट द्रावणात जाते आणि खताप्रमाणे वा धुण्याच्या रसायनाप्रमाणे विकता येणारा पदार्थ होतो. उरलेल्या भागावर आम्लाची क्रिया केली की विरल मृत्तिका विरघळतात व थोरियम मागे राहते. त्यानंतर टाक्यांची ती लांब रांग. तीतून शुद्ध ऑक्साइडे मिळतात. ऑक्साइडापासून वितळलेल्या क्षारात विद्युत् प्रवाह सोडून धातू काढावयाचा. त्यात लोह व बोरॉन मिसळून मिश्रधातू करावयाचा. त्याची भुकटी चुंबकीय क्षेत्रात दाबून, भाजून, चुंबक करावयाचा. १९८३ मध्ये जपान व अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी पुढे आलेला हा निओडिमियम-चुंबक विजेवर चालणाऱ्या वाहनांत व पवनचक्क्यांत वापरला जातो. वाहनांची शासकीय चाचणी करणारी एक महत्त्वाची संस्था अहिल्यानगरजवळच आहे. म्हणजे ज्या जिल्ह्यात खाण नाही, तेथेही ह्या साखळीचे शेवटचे टोक येऊन पोचलेले आहे.

(५)

ह्या दोन उद्योगांतील भेद आता स्पष्ट करता येईल. प्रवरानगरच्या कारखान्यात साखळी विक्रीयोग्य मालापर्यंत, म्हणजे साखरेच्या पोत्यापर्यंत, पुरी झाली. आलुवा येथे ती दीर्घकाळ क्लोराइडे व ऑक्साइडे येथवर येऊन थांबली. त्याचे एक कारण हेतूत होते. होमी भाभा यांच्या अणुशक्ती-योजनेत मुख्य आकर्षण थोरियमचे होते. विरल मृत्तिका हा त्याच्या बरोबर येणारा पदार्थ. आज नेमके उलट झाले आहे. बाजारास निओडिमियम हवे आहे, आणि थोरियम हे किरणोत्सर्गी म्हणून जपून साठवावे लागणारे ओझे ठरले आहे. मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याखाली येते ते ह्याच कारणास्तव. मळीस एके काळी टाकाऊ मानीत, आणि आज तिच्यापासून पेट्रोलमध्ये मिसळावयाचे इथेनॉल होते. तद्वत येथेही मुख्य कोण व गौण कोण हे काळ ठरवितो. साखळी अपुरी असेल तर हा बदल लाभदायी न होता बाधक होतो.

दुसरे कारण प्रमाणाचे आहे. मोनाझाइटमधील विरल मृत्तिकांत निम्म्याच्या आसपास सीरियम असते. लँथॅनम पाव हिश्शाजवळ जाते, आणि निओडिमियम व प्रासिओडिमियम मिळून पाचव्या हिश्शाच्या आसपास भरतात. डिस्प्रोसियम व टर्बियम अत्यल्प. निओडिमियमसाठी वाळू उपसली की त्याच्या दुपटीहून अधिक सीरियम अनायासे हाती येते आणि तेही खपवावे लागते. ऊस गाळताना केवळ साखर काढून चिपाडे व मळी नाहीशी करता येत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. म्हणून ह्या व्यवसायात एकात्मता हा मोठेपणाचा हव्यास नसून हिशेबाची गरज आहे.

चीनने खाण, पृथक्करण, धातू व चुंबक ह्या चारही पायऱ्या एकत्र बांधल्या आणि भाव इतका खाली आणला की इतरांस टिकणे कठीण झाले. कॅलिफोर्नियातील माउंटन पास ही खाण २००२ मध्ये बंद पडली. ती पुन्हा सुरू करणारी कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. आलुवा येथील मोनाझाइटवरील प्रक्रियाही २००४ मध्ये थांबली. खनिज कोठेच संपले नव्हते. भारतीय अणुखनिज संचालनालयाच्या अंदाजानुसार देशात सुमारे १ कोटी ३० लक्ष टन मोनाझाइट आहे. त्यात महाराष्ट्राचा, म्हणजे कोकण किनाऱ्याचा, वाटा नगण्य आहे.

(६)

अलीकडे साखळीची पुढील कडी जोडण्याचे प्रयत्न दिसतात. मे २०२३ मध्ये विशाखापट्टणम येथील विरल मृत्तिका-चुंबकांचा कारखाना राष्ट्रास अर्पण झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मान्य केली. तिच्यात ऑक्साइडापासून धातू, धातूपासून मिश्रधातू व त्यापासून चुंबक अशी वर्षाला ६,००० टनांची क्षमता उभारण्याचा संकल्प आहे. योजनेचा भर खाणीवर नसून खाणीच्या पुढे आहे, ही लक्षणीय गोष्ट होय.

ह्या साखळीचे मोल केवळ रुपयांत मोजून भागणार नाही. केरळातील आलप्पाड येथील रहिवाशांनी २०१८-१९ मध्ये वाळू-उपशाविरुद्ध साखळी उपोषण केले, ते समुद्र गावात शिरत असल्याच्या तक्रारीवरून. दाहक सोडा, आम्ल व किरणोत्सर्गी अवशेष यांची व्यवस्था हाही साखळीचाच भाग आहे. प्रवरानगरच्या सूत्रातील अर्धा भाग येथे अद्याप लागू झालेला नाही : तेथे ऊस देणारा मालक होता, येथे वाळू देणाऱ्या गावास कोणते स्थान, हा प्रश्न उत्तराविना उभा आहे.

संज्ञेकडे पुन्हा वळून हे विवेचन संपवावयाचे तर असे म्हणता येईल की, ‘दुर्मिळ खनिजे’ हा शब्दप्रयोग वाचकाचे लक्ष जमिनीकडे वळवितो. नवा साठा सापडल्याच्या वार्तेने त्यास हर्ष होतो, आणि प्रश्न सुटल्याचा भास होतो. ‘विरल’ हा शब्द त्याचे लक्ष वेचणे, वेगळे करणे आणि प्रत्येक अंशास गिऱ्हाईक शोधणे ह्या कामांकडे नेतो. ह्या शब्दामागे भाषांतरकाराची दूरदृष्टी असो वा योगायोग, तो वस्तुस्थितीस अधिक जवळचा आहे. शासकीय कागदपत्रांत, पाठ्यपुस्तकांत व वृत्तपत्रांत तोच रूढ व्हावा, हे केवळ परिभाषेच्या शुद्धतेसाठी नव्हे, तर धोरणाच्या शुद्धतेसाठीही आवश्यक आहे.