कागद खाणारी माती

दुपार कलली की वाडीतल्या गल्लीत हाक येते, "पस्तीऽऽ!" घरात आपण रद्दी म्हणतो, पण बडोद्याच्या रस्त्यावर ती पस्तीच. आजी वर्तमानपत्रांचा गठ्ठा बाहेर काढते, वजन होतं आणि गठ्ठा हातगाडीवरून निघून जातो. पुढे त्याचं काय होतं, माहीत आहे?

तो पोचतो कागदाच्या गिरणीत. तिथे भिजवून त्याचा लगदा करतात, शाई काढतात आणि पुन्हा कागद बनवतात. कागद म्हणजे बारीक तंतूंची जाळी. निलगिरीच्या लाकडातला तंतू केवढा? राईच्या दाण्याएवढा, 1 मिलिमीटरच्या आसपास! लगद्याच्या प्रत्येक फेरीत तंतू तुटतात. साधारण 5 ते 7 फेऱ्यांनंतर ते इतके आखूड होतात, की एकमेकांत गुंततच नाहीत. पाण्याबरोबर निसटतात आणि तळाशी करड्या गाळात जाऊन बसतात. त्या गाळात पांढरी चिकणमाती आणि खडूसारखी पूडही असते.

बडोद्याच्या गायकवाड राजघराण्याचं सुरुवातीचं ठाणं होतं सोनगडचा किल्ला. त्याच सोनगडात आज कागदाची मोठी गिरणी आहे. अशा गिरण्या जगभर आहेत आणि सगळ्यांपुढे एकच प्रश्न असतो : या गाळाचं करायचं काय?

उत्तर मातीत सापडलं. तंतू झाडाचे, झाड मातीतलं. मग ते मातीला परत का देऊ नयेत? कुजलेले तंतू भुसभुशीत, रेताड जमिनीत पाणी धरून ठेवतात. गुजरातमधल्या चरोतर भागातल्या गोराडू मातीसारख्या हलक्या जमिनीला असा ओलावा धरणारा सोबती हवाच असतो.

पण थांबा! गाळ थेट शेतात टाकला, तर पीक पिवळं पडू शकतं. असं का?

मातीत डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. कागद म्हणजे त्यांची नुसती भाकरी. तिच्यात कार्बन भरपूर, पण वरण नाही. हे वरण म्हणजे नायट्रोजन. 25 ते 30 भाग कार्बनामागे 1 भाग नायट्रोजन मिळाला, की सूक्ष्मजीवांचं जेवण छान जमतं. कागदाच्या तंतूंत मात्र 1 भाग नायट्रोजनामागे कार्बन 100 भागांहूनही जास्त! मग हे भुकेले जीव मातीतलं वरण ओढून घेतात आणि पिकाची वाटी रिकामी राहते.

म्हणून गाळात आधी शेण मिसळायचं, ढीग ओला ठेवायचा, अधूनमधून वरखाली करायचा. गांडुळांना बोलावलं तर आणखी छान. काही महिन्यांत काळंभोर खत तयार होतं.

गाळातल्या खडूच्या पुडीचाही उपयोग होतो. कोकणातली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी. तिची आंबटाई ही पूड कमी करते. बडोद्याजवळच्या डभोई-करजणकडच्या कपाशीच्या काळ्या जमिनीत मात्र मुळातच चुना असतो, तिला आणखी नको. म्हणून आधी मातीची तपासणी करायची आणि गाळाचीही, कारण शाईतून किंवा रसायनांतून त्यात जड धातू आलेले असू शकतात.

आता प्रयोग तुमचा. पुढच्या वेळी "पस्तीऽऽ" ऐकलं, की आजीकडून एक वर्तमानपत्र मागून ठेवा. चकचकीत पानं नकोत. तीन कुंड्या घ्या. पहिलीत नुसती माती. दुसरीत माती आणि भिजवून बारीक फाडलेला कागद. तिसरीत माती, तेवढाच कागद आणि मूठभर कुजलेलं शेणखत. तिन्हींत राई पेरा, सारखंच पाणी आणि सारखंच ऊन द्या. मग रोज पानांचा रंग वहीत लिहा. महिनाभराने कोणती कुंडी हिरवीगार आणि कोणती फिकट, ते तुम्हीच पाहा. कारण वरणाच्या वाटीत सापडेल!