टाकळीच्या गोगलगायी

नागपुरात हिस्लॉप कॉलेजचं नाव कुणाला ठाऊक नाही? पण ज्या स्टीफन हिस्लॉप यांच्या नावानं ते १८८३ साली सुरू झालं, त्यांनी विदर्भाच्या दगडांतून काय काय बाहेर काढलं, हे सांगू शकणारे फार थोडे.

हिस्लॉप स्कॉटलंडचे मिशनरी. १८४५ साली ते नागपुरात आले तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं. शाळा चालवायची, गावोगाव फिरून धर्मप्रचार करायचा, हे त्यांचं काम. गोंडांची गाणी आणि कथाही त्यांनी टिपून ठेवल्या. भूविज्ञान हा नुसता नाद. तोच नाद असलेले रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना लाभले आणि दोघांच्या पायपिटीला वेगळाच अर्थ आला.

टाकळी आज नागपूर शहरातच मुरली आहे, तेव्हा ती गावाबाहेर होती. तिथल्या काळ्या पाषाणात या दोघांना एक पातळ, निराळ्याच पोताचा थर दिसला. त्यात होत्या गोगलगायी, शिंपले, फळं, बिया, माशांचे अवशेष आणि चक्क भुंग्यांचे कठीण पंख!

थांबून विचार करावा अशी ही गोष्ट आहे. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला लाव्हा. त्यात गोगलगाय टिकेल कशी? उत्तर असं, की लाव्हा एका दमात आला नाही. एक लोट यायचा, निवायचा, मग दीर्घकाळ सगळं शांत. पाऊस पडायचा, खोलगट जागी तळी साचायची, काठाला झाडं वाढायची, पाण्यात मासे फिरायचे. मग पुढचा लोट येऊन सगळ्यावर पसरायचा. पण तळ्याच्या गाळात जे आधीच गाडलं गेलं होतं, ते राहिलं. पाण्यातली सिलिका त्यात झिरपत गेली आणि शंखाच्या जागी शंखाच्याच आकाराची गारगोटी तयार झाली.

यातली फायसा प्रिन्सेपाय ही गोगलगाय मला फार आवडते. तिचा शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला, तर तोंड डावीकडे उघडतं. बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे असतं. आजच्या फायसा नखाएवढ्या, ही मात्र अंगठ्याएवढीही वाढायची. तिचा वेटोळा न् वेटोळा दगडात मोजता येतो.

हिस्लॉप नुसते गोळा करून थांबले नाहीत. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८६० साली त्यांनी या शंखशिंपल्यांचं वर्णन स्वतः प्रसिद्ध केलं. एका शिंपल्याला ‘युनिओ हंटराय’ असं मित्राचं नाव दिलं. हे थर तृतीयक कालखंडातले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. आजच्या मोजणीनं ते त्या कालखंडाच्या उंबरठ्याच्या आसपासचे ठरतात, डायनासोर संपले त्याच सुमाराचे. खडकाचं वय मोजणारं कुठलंही यंत्र नसताना एक शिक्षक शंखांकडे बघून इतक्या जवळ पोचतो, याचं मला अपार कौतुक वाटतं.

जिथं आपलं ज्ञान पुरणार नाही, तिथं नमुना योग्य माणसाकडे पोचवायचा, हे त्यांचं दुसरं मोठेपण. भुंग्यांचे पंख कीटकांचे जाणकार अँड्र्यू मरे यांनी अभ्यासले. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथं मिळालेली रुंद, चपटी कवटी ‘डायनासोर’ हा शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेन यांच्यापर्यंत गेली. १८५५ साली त्यांनी तिचं नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. हा सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा उभयचर प्राणी. नागपूरच्या परिसरातल्या जीवाश्म वनस्पतींवर चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली लिहिलं. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस या झाडाची पानं होती. हीच पानं ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अगदी अंटार्क्टिकाच्याही खडकांत मिळाली आणि ही सगळी भूमी एकेकाळी जोडलेली होती, याचा तो भक्कम पुरावा ठरला. नागपूरची पानं त्या पुराव्याचा भाग आहेत!

सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडाले. वय अवघं पंचेचाळीस.

त्यांच्या हाती आलेल्या नमुन्यांपैकी मलेरीचे दात तर त्यांच्या मृत्यूनंतर विलक्षण ठरले. मलेरी आज तेलंगणात येतं. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे कंगोरे असलेले हे दात सेराटोडस नावाच्या माशाचे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ साली त्यांतल्या दोन जातींना हिस्लॉप आणि हंटर यांचीच नावं दिली. हा मासा कोट्यवधी वर्षांपूर्वीच नामशेष झाला, असं तेव्हा सगळे मानत. १८७० साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या नदीतला एक मासा सिडनीच्या संग्रहालयात पोचला. तिथल्या जेरार्ड क्रेफ्ट यांनी त्याचे दात पाहिले आणि ओळखलं: हा तर सेराटोडसचाच भाऊबंद. त्याला कल्ले आहेत, शिवाय फुप्फुसही आहे, आणि तो आजही क्वीन्सलँडच्या नद्यांत पाण्यावर तोंड काढून हवा घेतो.