माहिती चौकट : इंजिनाची बैठक आणि फाटणारे रबर

इंजिन चासिसला थेट न जोडता ज्या रबरी-धातूच्या बैठकीवर टेकवलेले असते, तिला माउंटिंग म्हणतात. दोन पोलादी पट्ट्यांमध्ये चिकटवलेले हे रबर कंप शोषून घेते, मात्र ताणापेक्षा दाब ते कितीतरी चांगला सहन करते. पुढून पाहता क्रँकशाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर त्याच्या प्रतिक्रियेने इंजिनाची डावी बाजू वर उचलली जाते आणि त्या बाजूचे रबर आधी फाटते. अमेरिकेत १९७१ मध्ये जनरल मोटर्सला याच दोषापायी सुमारे ६७ लाख शेव्हरोले गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण उचललेले इंजिन थ्रॉटल उघडे अडकवू शकत होते. उपाय म्हणून इंजिन जखडणारी तार बसवण्यात आली.

ताडोब्याच्या सफारीतील जिप्सीचे इंजिन त्या मानाने लहान असले, तरी पहिल्या गिअरमधले सततचे चढउतार, चंद्रपूरचा पंचेचाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा आणि रबर फुगवणारी ऑइलगळती यांमुळे माउंटिंग तिथेही थकते. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून व ब्रेक दाबून, गाडीपुढे कोणी उभे नसताना अर्धा क्लच सोडला असता इंजिन ठळकपणे उचलले गेले, तर रबर सुटले असे समजावे. अशा वेळी आधी गळती थांबवून दोन्ही बाजूंची माउंटिंग एकदमच बदलणे श्रेयस्कर, कारण जुन्या-नव्या रबराच्या जोडीत भार विषम वाटला जातो. पॉलियुरेथेनची कडक माउंटिंग अधिक टिकतात, पण कंप थेट चासिसपर्यंत पोचवतात. ताडोब्याचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात बंद असते, तेव्हा ही तपासणी सवडीने होऊ शकते.