विजेची मोटार: वेळ किती, पैसा किती?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. तिन्ही गावांना वीज महावितरणची. वीज मोजतात युनिटात.

बॅटरी म्हणजे विजेच्या मोटारीचे पोट. समजा, त्यात ३० युनिट मावतात. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगातून तासाला सुमारे ३ युनिट जातात. म्हणजे १० तास, अख्खी रात्र लागली! बाहेर ३० किलोवॅटच्या जलद यंत्रावर तास-सव्वा तास पुरे.

आणि पैसे? घरी युनिट १० रुपयांनी धरा, ३०० रुपये झाले. बाहेर १८ रुपयांनी धरा, ५४० झाले. घाई महाग पडते. आपला दर बिलावर वाचा.

एक विसरू नका. जुनी, बारीक वायर रात्रभर तापते, आग लागते. आधी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. मोटार पुन्हा घेता येते, माणूस नाही.