नगरसेवकाच्या हातात काय असतं, काय नसतं

कल्याण-डोंबिवलीत महापालिकेसाठी 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झालं. त्याआधीचं मतदान 1 नोव्हेंबर 2015 चं. तेव्हा जन्मलेली पोरं आता चौथी-पाचवीत आहेत. मधल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहरात एकही नगरसेवक नव्हता. एवढ्या खंडानंतर पालिका कशी चालते याची आठवण पुसट होणारच. त्या जागी येतात ते नाक्यावरचे, सोसायटीच्या बैठकीतले समज. त्यातले काही निरुपद्रवी आहेत, पण काहींपायी लोकांची घरं गेली आहेत.

सगळ्यात पक्का समज महापौराबद्दलचा. महापौर हा शहराचा मुख्यमंत्री, त्याने मनात आणलं तर आठवड्यात रस्ता होईल, असं आपण धरून चालतो. कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार कारभार चालवण्याचे, म्हणजे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतं. महापौर महासभेचं अध्यक्षस्थान भूषवतो, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतो, शहराचा प्रथम नागरिक म्हणून मिरवतो. त्याची मुदत अडीच वर्षांची. त्याला नगरसेवक आपल्यातून निवडतात, मतदार थेट निवडत नाहीत. शेजारच्या अंबरनाथ-बदलापुरात मात्र नगरपरिषदा आहेत, तिथल्या लोकांनी डिसेंबर 2025 मध्ये नगराध्यक्ष थेट निवडला. लोकलने दोन-चार स्टेशनं पुढे गेलं की मतदाराचा हक्क बदलतो, आणि हा फरक रोज त्याच गाडीने जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतो.

मग आयुक्त ऐकत नसतील तर? सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर सरकारने आयुक्तांना परत बोलवावं, अशी तरतूद आहे. नवी मुंबईत ऑक्टोबर 2016 मध्ये तसं झालंही. तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धच्या अविश्वास ठरावाच्या बाजूने 111 पैकी 104 नगरसेवक उभे राहिले. सरकारने तो ठराव रोखला आणि मुंढे मार्च 2017 मधल्या बदलीपर्यंत त्याच खुर्चीत राहिले. मुंढे बरोबर होते की नगरसेवक, हा वाद निराळा. एकमताच्या जवळ गेलेला ठरावही मंत्रालयात अडू शकतो, एवढं त्यातून कळतं. महासभेचे ठराव निलंबित किंवा विखंडित करण्याचा अधिकार राज्याकडे आहे आणि तो वापरला जातो.

हे वाचून कुणी म्हणेल, मग नगरसेवक हवेतच कशाला? हा समज पहिल्यापेक्षा वाईट. पैशाची किल्ली नगरसेवकांकडे असते. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात ते स्थायी समितीपुढे. 16 जणांची ही समिती त्यात फेरफार करते आणि मग ते महासभेकडे जातं. ठरावीक रकमेवरची कंत्राटं स्थायीच्या मंजुरीशिवाय देता येत नाहीत. करांचे दर महासभा ठरवते. गटार साफ झालं की नाही हे पाहणं हे नगरसेवकाचं दुय्यम काम आहे. गटाराचं कंत्राट कुणाला, किती रकमेला आणि का दिलं, हे सभागृहात विचारणं हे त्याचं पहिलं काम. आपण त्याच्याकडे दुय्यम काम मागतो, पहिलं कधीच मागत नाही. आणि ‘नगरसेवक निधी’ म्हणतात तो त्याच्या खिशात येत नाही. ती अंदाजपत्रकातली तरतूद असते. तो काम सुचवतो, पण निविदा काढणं, बिल चुकतं करणं हे प्रशासनाचं काम. त्यामुळे ‘यांच्या निधीतून’ असा फलक लावलेला बाक आपल्याच करातून आलेला असतो.

पॅनल पद्धतीने आणखी गोंधळ घातला. मुंबई वगळता इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. कल्याण-डोंबिवलीत 122 जागा 31 प्रभागांत विभागल्या आहेत, बहुतेक प्रभागांत चार-चार. चारही मतं एकाच पक्षाला द्यावी लागतात, असं कित्येकांना वाटतं. तसं काही नाही. अ, ब, क, ड या जागांची मतं स्वतंत्र असतात. चार पक्षांचे चार उमेदवार निवडता येतात, एखाद्या जागेवर ‘नोटा’ही दाबता येतो. निवडून आल्यावर चौघांनी गल्ल्या वाटून घेतल्या असतील, तर ती त्यांची आपापसातली सोय. कायद्याने चौघेही पूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी आहेत. ‘तुमची बिल्डिंग माझ्याकडे येत नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका. सुमारे 15 लाखांची वस्ती 31 प्रभागांत विभागली, तर एका प्रभागात पन्नास हजारांच्या आसपास माणसं येतात. एवढ्या गर्दीत चौघांनी एकमेकांकडे बोट दाखवणं फार सोपं असतं.

प्रत्येक खड्डा पालिकेचा, हाही असाच एक समज. कल्याण-शिळ रस्त्याचं रुंदीकरण राज्य रस्ते विकास महामंडळाने (एमएसआरडीसी) केलं. कल्याणचा पत्री पूल पाडल्यानंतर नवा बांधला तोही त्यांनीच, तो जानेवारी 2021 मध्ये खुला झाला. बारवी धरण एमआयडीसीचं, वीज महावितरणची, पोलीस राज्याचे, रुळांलगतची जमीन रेल्वेची. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने टेबलं बदलत फिरतो.

आता ज्या समजामुळे घरं गेली, त्याकडे येतो. ‘घरपट्टीची पावती आहे, म्हणजे इमारत अधिकृत.’ हे वाक्य आपल्या पट्ट्यात घर घेणाऱ्या बहुतेकांनी एकदा तरी ऐकलेलं असतं, आणि ते साफ चूक आहे. बेकायदा बांधकामालाही मालमत्ता कर लागतो, वर शास्ती आकारण्याची तरतूद आहे. तो कर भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. वीज मीटरने होत नाही, नळजोडणीने होत नाही, दस्त नोंदणीनेही होत नाही. नोंदणी कार्यालय व्यवहाराची नोंद करतं. बांधकाम परवानगी खरी की खोटी, याची हमी त्या नोंदणीतून मिळत नाही.

डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींचं प्रकरण आठवा. पालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवरच्या नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली गेली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचे आदेश दिले. तिथल्या कुटुंबांनी बँकेचं कर्ज काढलं होतं, महारेराचा क्रमांक पाहिला होता. सामान्य माणसाने आणखी काय पाहायचं, हा त्यांचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. फसवणाऱ्यांचा आणि डोळेझाक करणाऱ्यांचा गुन्हा त्यांच्या माथी मारणं हा अन्याय आहे. तरीही घर घेणाऱ्याला माझं सांगणं एकच. विकासकाने दाखवलेल्या झेरॉक्सवर थांबू नका. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जा, त्यांच्या दप्तरात तीच परवानगी त्याच सर्व्हे नंबरवर आहे का ते विचारा, लेखी उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. या खटपटीत महिना जाईल, जाऊ द्या.

त्याच घरपट्टीबद्दल आणखी एक गोष्ट. बिलावरची सगळी रक्कम पालिकेची नसते. शिक्षण कर आणि बिगरनिवासी जागांवरचा रोजगार हमी कर पालिका राज्यासाठी गोळा करते. स्वतःच्या हक्काची जकात आणि नंतरचा एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर, 2017 पासून पालिका राज्याकडून येणाऱ्या जीएसटी भरपाईवर बऱ्याच अंशी विसंबून आहेत.

शेवटचा समज प्रशासकाच्या काळाबद्दलचा. ‘नगरसेवक नव्हते तेच बरं, राजकारण नाही, कामं झाली.’ पालिकेची निवडणूक मुदत संपण्याआधी व्हावी, असं राज्यघटनेचं कलम 243-यू सांगतं. 74 व्या दुरुस्तीने, 1993 मध्ये, हे कलम आलं ते निवडणुका लांबत जाण्याच्या नेमक्या याच दुखण्यावर. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा न्यायालयीन वाद, अशी कारणं पुढे येत गेली आणि अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचे आदेश द्यावे लागले. मधल्या काळात प्रशासक म्हणून एकच अधिकारी प्रस्ताव मांडत होता आणि स्थायी समिती, महासभा यांच्या वतीने तोच मंजूरही करत होता. काही कामं झाली असतील, मी नाकारत नाही. पण कोणत्या कामावर आक्षेप होता, कोणता दर जास्त होता, हे विचारायला समोर माणूसच नव्हता.

आता तो आहे. महासभा नागरिकांसाठी खुली असते, सभागृहात प्रेक्षक गॅलरी असते. विषयपत्रिका आधी निघते, इतिवृत्त नंतर मागता येतं. पुढच्या महासभेच्या दिवशी सकाळी अर्धा दिवस रजा काढून तिथे बसा, आणि आपल्या प्रभागातल्या चौघांपैकी कोण उठून बोललं ते वहीत लिहून आणा.