कमान, घुमट आणि आडवा रेटा

युरोपच्या कलेचा आणि वास्तुकलेचा इतिहास शिकवताना काही संज्ञा हमखास भेटतात. रोमनेस्क, गॉथिक, रेनेसाँ, बरोक ही शैलींची नावे. आणि त्यांच्या जोडीला व्हॉल्ट, बट्रेस, पेंडेंटिव्ह असे शब्द. विद्यार्थी ते पाठ करतात, 'टोकदार कमान म्हणजे गॉथिक' असे एका वाक्यात उत्तर लिहितात आणि गुणही मिळवतात. पण कमान टोकदार कशासाठी केली, असे विचारले तर वर्ग गप्प होतो. वास्तविक हा प्रश्न जितका कलेचा आहे तितकाच पदार्थविज्ञानाचा आहे. दगडी छत आपल्या आधारांना नुसते खाली दाबत नाही, ते त्यांना बाहेरच्या बाजूला ढकलतेही. हा आडवा रेटा कोठे न्यायचा, या एका प्रश्नाची निरनिराळ्या काळी दिलेली उत्तरे म्हणून या संज्ञांकडे पाहिले, तर त्या पाठ कराव्या लागत नाहीत.

दगडाचा स्वभाव

एक खडू घ्या. त्याची दोन टोके दोन तळव्यांत धरून दाबा. तो सहजी तुटत नाही. आता तोच खडू वाकवा, कट्‌कन मोडतो. दगडाचेही असेच आहे. तो दाब उत्तम सोसतो, ताण मात्र फारसा सोसत नाही. दोन खांबांवर दगडाची आडवी तुळई ठेवली की ती स्वतःच्या वजनाने किंचित वाकू पाहते. तिच्या वरच्या अंगाला दाब आणि खालच्या अंगाला ताण येतो, आणि तडा खालून जातो. म्हणून अशा बांधकामात खांब जवळजवळ ठेवावे लागतात. अथेन्सचे पार्थेनॉन (इ.स.पू. ४४७ ते ४३२) याच पद्धतीचे आहे. आपल्याकडची हेमाडपंती मंदिरेही मुख्यतः याच पद्धतीची. तेथे खांबांची गर्दी का असते, याचे एक कारण येथे सापडते.

कमानीने ही अडचण दूर केली. पाचरीच्या आकाराचे दगड अर्धवर्तुळात मांडले की प्रत्येक दगड खाली घसरू पाहतो, पण शेजारचे दोन दगड त्याला चिमटीत धरतात. सगळीकडे फक्त दाब राहतो, ताण जवळजवळ नाहीसा होतो. रोमन लोकांनी या युक्तीचा भरपूर वापर केला. पण या सोयीची किंमत मोजावी लागते. कमानीचे पाय सतत बाहेर फाकू पाहतात.

हे वर्गात करून दाखवता येते. सारख्या उंचीच्या दोन विद्यार्थ्यांना समोरासमोर उभे करावे. त्यांनी हात डोक्यावर नेऊन तळवे एकमेकांना टेकवावेत आणि पाय हळूहळू मागे सरकवत एकमेकांवर रेलावे. थोड्याच वेळात पाय घसरू लागतात. मग आणखी दोघांनी त्यांच्या टाचांमागे आपली पावले घट्ट रोवावीत. कमान पुन्हा स्थिर होते. मागे आलेली ही दोन पावले म्हणजेच बट्रेस, आपल्या भाषेत टेकू.

हा रेटा किती असतो? कमानीवरचा भार सर्वत्र सारखा पसरला आहे असे धरले, तर साधे सूत्र मिळते: दर मीटरवरचा भार गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले उंचीची आठपट. समजा, कमान १० मीटर रुंद आहे आणि दर मीटरवर १ टन भार आहे. उंची ५ मीटर असेल तर आडवा रेटा २.५ टन येतो. उंची निम्मी, म्हणजे २.५ मीटर केली तर रेटा दुप्पट, ५ टन होतो. उंची ७.५ मीटर केली तर तो सुमारे १.७ टनांवर उतरतो. प्रत्यक्षातल्या कमानींचा हिशेब यापेक्षा गुंतागुंतीचा असतो, पण मुख्य गोष्ट ध्यानात येते: कमान जितकी उभट, तितका आडवा रेटा कमी.

जाड भिंतीकडून उडत्या टेकूकडे

एकच कमान मागे लांबवत नेली की बोगद्यासारखे छत तयार होते. याला बॅरल व्हॉल्ट म्हणतात. त्याचा रेटा भिंतीच्या संपूर्ण लांबीवर येतो. तो पेलायचा तर भिंत जाड हवी आणि तिच्यात मोठी खिडकी पाडणे धोक्याचे. साधारण अकराव्या आणि बाराव्या शतकांतल्या रोमनेस्क चर्चमध्ये गेल्यावर जो जडपणा आणि अंधार जाणवतो, त्यामागे हा हिशेब आहे.

असे दोन बोगदे काटकोनात एकमेकांतून नेले तर ते जेथे मिळतात तेथे तिरप्या कडा उमटतात, आणि छताचा भार चार कोपऱ्यांवर उतरतो. या छताला ग्रॉइन व्हॉल्ट असे नाव आहे. भार कोपऱ्यांवर गेला की मधली भिंत मोकळी होते. पुढे या तिरप्या कडांवर दगडी फासळ्या बांधू लागले. तो रिब व्हॉल्ट. इंग्लंडमधील डरहम येथील कॅथीड्रलमध्ये (बांधकामाचा आरंभ १०९३) असे छत आढळते.

अर्धवर्तुळाकार कमानीची एक अडचण राहतेच. तिची उंची नेहमी रुंदीच्या निम्मी असते. त्यामुळे छताचा चौक लांबट असला की अरुंद बाजूची कमान ठेंगणी आणि रुंद बाजूची उंच होते, व माथे जुळत नाहीत. टोकदार कमानीत उंची आपल्या हातात असते. निरनिराळ्या रुंदीच्या कमानी एकाच उंचीला नेता येतात, आणि उभट असल्यामुळे रेटाही घटतो. ही कमान गॉथिक कारागिरांनी शोधून काढलेली नव्हे. पश्चिम आशियातील मुस्लिम वास्तूंमध्ये ती आधीपासून होती. म्हणूनच 'टोकदार कमान म्हणजे गॉथिक' हे उत्तर अपुरे आहे. टोकदार कमान, फासळ्यांचे छत आणि बाहेरचा टेकू या तिन्हींना एकत्र आणणे हे गॉथिकचे खरे वैशिष्ट्य.

पॅरिसजवळच्या सेंट डेनिस येथे मठाधिपती सुजेर याने बांधून घेतलेला चर्चचा पूर्वेकडील भाग ११४४ मध्ये पूर्ण झाला. गॉथिकची सुरुवात साधारणतः येथून मानतात. त्याच शतकाच्या उत्तरार्धात फ्लाइंग बट्रेस म्हणजे 'उडता टेकू' रूढ झाला. भिंतीपासून दूर एक भक्कम खांब उभारायचा आणि त्यावरून अर्धी कमान भिंतीच्या वरच्या भागाला टेकवायची. छताचा रेटा या अर्ध्या कमानीतून बाहेरच्या खांबात आणि तेथून जमिनीत जातो. त्या खांबांच्या डोक्यावर असणारे दगडी सुळके केवळ शोभेचे नाहीत. ते आपल्या वजनाने रेट्याची दिशा थोडी खाली वळवायला मदत करतात. भिंतीवर आता फारसा भार उरला नाही, तेव्हा तिच्या जागी रंगीत काच आली. शार्त्र येथील कॅथीड्रलमधला प्रसिद्ध निळा उजेड बाहेरच्या या दगडी हातांमुळे आत येऊ शकला.

अर्थात हे सारे अनुभवाने चालले होते, आणि अनुभव कधी कधी महाग पडे. बोव्हे येथे छत सुमारे ४८ मीटर उंचीवर नेले. १२७२ मध्ये पूर्ण झालेल्या या भागाची छते १२८४ मध्ये कोसळली. कारणाविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. छते पुन्हा बांधली, जादा खांब घातले. नंतर उभारलेला उंच मनोराही १५७३ मध्ये पडला. हे कॅथीड्रल शेवटपर्यंत अपुरेच राहिले.

घुमट आणि पिंपाची कडी

कमान स्वतःभोवती फिरवली की घुमट होतो. त्याचा रेटा सर्व दिशांना असतो. पिंपाच्या फळ्या जशा कडी नसेल तर फाकतात, तसा घुमटाचा खालचा भाग फाकू पाहतो. अर्धगोलाकार पातळ घुमटात माथ्यापासून सुमारे ५२ अंश खाली आले की आडव्या वेढ्यांमध्ये दाबाऐवजी ताण सुरू होतो, आणि ताण तर दगडाला सोसत नाही. म्हणून जुन्या घुमटांत उभ्या भेगा खालून वर चढताना दिसतात.

रोमच्या पँथिऑनमध्ये (दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध, व्यास सुमारे ४३ मीटर) सुमारे ६ मीटर जाडीची भिंत आणि वर जाताना हलके होत जाणारे काँक्रीट हे उत्तर होते. कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजच्या इस्तंबूल येथील हागिया सोफियात (५३२ ते ५३७) गोल घुमट चौकोनी पायावर बसवायचा होता. त्यासाठी चार कोपऱ्यांत वक्र त्रिकोण भरले, तेच पेंडेंटिव्ह. पहिला घुमट ठेंगणा होता. भूकंपांच्या धक्क्यांनंतर तो ५५८ मध्ये कोसळला. नवा घुमट सुमारे ६ मीटर अधिक उंच बांधला. तो का, हे आपल्या सूत्रावरून विद्यार्थीच सांगू शकतील. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवर ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात दुहेरी कवचाचा घुमट उभारला. जमिनीपासून उभारलेल्या लाकडी साच्याशिवाय तो बांधला, आणि दगडाच्या व लाकडाच्या साखळ्या आतच गुंफल्या. पिंपाला कडी मिळाली.

उलटी साखळी

या प्रश्नाचे सुंदर उत्तर रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने दिले. लोंबकळणाऱ्या साखळीत केवळ ताण असतो. तिचा आकार तसाच उलटा केला तर ताणाच्या जागी दाब येतो. तोच कमानीचा निर्दोष आकार. हूकने १६७५ मध्ये हा विचार अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात छापला. त्याची उकल त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. फळ्यासमोर एक बारीक साखळी दोन टोकांना धरा, तिच्यामागे खडूने रेघ ओढा आणि चित्र उलटे करून विद्यार्थ्यांना दाखवा. कमान कोणत्याही आकाराची असो, ही उलटी साखळी तिच्या दगडांच्या जाडीत सामावत असेल तर ती उभी राहू शकते.

रोमच्या सेंट पीटर्सच्या घुमटाला अठराव्या शतकात भेगा पडलेल्या दिसल्या, तेव्हा हीच कल्पना कामी आली. जिओव्हानी पोलेनी याने घुमटाच्या एका फाकेच्या वजनाच्या प्रमाणात मणी ओवून साखळी लोंबकळवली. उलटी रेघ घुमटाच्या जाडीत बसते हे त्याने दाखवले, आणि तरीही सावधगिरी म्हणून लोखंडी कडी घालण्याची शिफारस केली. नवी कडी बसवण्यात आली आणि घुमट आजही उभा आहे.

नावे मागाहून आली

शार्त्र बांधणाऱ्या गवंड्यांना आपण 'गॉथिक' बांधतो आहोत हे ठाऊक नव्हते. हे नाव रेनेसाँ काळातील इटालियन लेखकांनी हिणवण्यासाठी दिले. गॉथ म्हणजे त्यांच्या लेखी रानटी टोळ्या. 'रोमनेस्क' ही संज्ञा तर एकोणिसाव्या शतकातली. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (१८७८ ते १८८८) किंवा विद्यापीठाचा राजाबाई टॉवर यांना 'व्हिक्टोरियन गॉथिक' म्हणतात तेव्हा रूप जुने असले तरी काळ लोखंडाचा होता, हे विसरू नये. आडवा रेटा तेव्हा दुसऱ्या उपायांनीही आवरता येत होता. जुन्या गोव्यात मात्र दगडी छतांचे जुनेच गणित दिसते. तेथील सेंट ऑगस्टीन चर्चचा वापर १८३५ मध्ये थांबला, देखभाल संपली आणि १८४२ मध्ये कमानी छत कोसळले. आज मनोऱ्याचा एक भाग उभा आहे.

१५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलला आग लागली. लाकडी छप्पर जळाले, सुळका कोसळला आणि खालच्या दगडी छताला भोके पडली. त्यानंतर अभियंत्यांच्या पहिल्या कामांपैकी एक होते २८ उडत्या टेकूंखाली लाकडी साचे बसवणे. बाहेरून पाहणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल, कारण टेकूंना तर काहीच झाले नव्हते. पण टेकू भिंतीला आत ढकलतो आणि छत तिला बाहेर ढकलते. छत पडले असते तर टेकूंना विरोध उरला नसता आणि त्यांनीच भिंती आत लोटल्या असत्या. डिसेंबर २०२४ मध्ये हे कॅथीड्रल पुन्हा उघडले.

वर्गात हीच गोष्ट अर्धी सांगून थांबावे, आणि टेकूंना आधार का दिला हे विद्यार्थ्यांना विचारावे. ज्याला याचे उत्तर देता येईल, त्याला 'फ्लाइंग बट्रेस' या शब्दाची व्याख्या पाठ करण्याची गरज नाही.