घरचं गॅरेज: आधी हे, मग हत्यारं

जॅक गाडी उचलतो. उचललेली गाडी पेलतो तो जॅक स्टँड. हायड्रॉलिक जॅकचं सील गळलं की गाडी खाली बसते, म्हणून नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नये. स्टँड पक्क्या, सपाट काँक्रीटवर; टेकलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे.

• पाने: मिलिमीटर मापाचे. 10, 12, 14, 17, 19 सतत लागतात.

• टॉर्क रेंच: नट किती आवळायचा ते न्यूटन-मीटरमध्ये ठरतं; आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये.

• हवा: पेट्रोलची वाफ जड, जमिनीलगत साचते. चार्जिंगला लावलेल्या लेड-ॲसिड बॅटरीतून सुटणारा हायड्रोजन हलका, छताकडे जातो. झरोके खाली हवेत, वरही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. शटर बंद असताना इंजिन चालवू नये.

• आग: पेट्रोलवर पाणी नको, पावडरचं अग्निशामक हवं.